नक्की काय बदललं? प्रयोगातले चल आणि त्यातून येणारे आकडे

एक दोरा घ्या, त्याच्या टोकाला लोखंडी नट बांधा आणि दोरा टेबलाच्या कडेला असा अडकवा की नट मोकळा झुलेल. झाला लंबक तयार. आता प्रश्न असा: टांगलेलं वजन वाढवलं, तर लंबकाला एक झोका पूर्ण करायला जास्त वेळ लागतो का? (एका टोकाकडून निघून, दुसऱ्या टोकाला जाऊन परत पहिल्या टोकाला येणं म्हणजे एक पूर्ण झोका.)

हा प्रयोग पहिल्यांदा करणारे बहुतेक जण एकाच वाटेने जातात. आधी एका नटावर दहा झोक्यांचा वेळ मोजतात. मग त्या नटाखाली तारेच्या आकड्याने दुसरा नट अडकवतात, दुसऱ्याखाली तिसरा, आणि पुन्हा वेळ घेतात. दोरा २५ सेंटिमीटरचा असेल तर पहिल्यांदा साधारण १० सेकंद येतात. तीन नट लावल्यावर येतात १०.४. पुन्हा करून पाहिलं तरी तेच. मग वहीत निष्कर्ष लिहिला जातो: वजन वाढलं की लंबक मंदावतो.

मोजणी चोख आहे, आकडे खरे आहेत, आणि तरीही निष्कर्ष चुकीचा आहे. नट एकाखाली एक लावताना वजनासोबत लंबकाची लांबीही वाढली. लंबकाची लांबी म्हणजे दोऱ्याची लांबी नव्हे. टांगलेल्या बिंदूपासून वजनाच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे लंबकाची लांबी. नट दोन-दोन सेंटिमीटर अंतरावर लोंबत असतील, तर तिघांचा मिळून मध्य दोन सेंटिमीटर खाली सरकतो. २५ सेंटिमीटरचा लंबक २७ सेंटिमीटरचा होतो, आणि दहा झोक्यांमागे वाढलेले ०.४ सेकंद या दोन सेंटिमीटरांमुळेच आलेले असतात. तेच तीन नट एका जुडग्यात बांधा, जुडग्याचा मध्य बरोबर २५ सेंटिमीटरवर येईल असं बघा. वेळ पुन्हा दहा सेकंदांवर येईल.

साध्या प्रयोगातली सगळी मेख इथेच आहे. आपण काय बदललं असं आपल्याला वाटतं आणि प्रत्यक्षात काय काय बदललं, या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

चलांच्या तीन भूमिका

प्रयोगात ज्याचं मूल्य बदलू शकतं, त्या प्रत्येक गोष्टीला चल म्हणतात. त्यातला जो आपण मुद्दाम, ठरवून बदलतो तो स्वतंत्र चल. त्या बदलामुळे काय घडतं हे पाहण्यासाठी जो मोजतो तो अवलंबी चल. आणि निकालावर परिणाम करू शकतील अशा बाकीच्या ज्या गोष्टी आपण जागच्या हलू देत नाही, ते नियंत्रित चल. वरच्या प्रयोगात वजन हा स्वतंत्र चल होता, दहा झोक्यांचा वेळ हा अवलंबी चल होता. लांबी नियंत्रित राहायला हवी होती, ती हातातून निसटली.

ही नावं वस्तूंना कायमची चिकटलेली नसतात. उद्या प्रश्न बदलून ‘लांबीचा वेळेवर काय परिणाम होतो?’ असा केला, की लांबी स्वतंत्र चल होते आणि वजन नियंत्रितांच्या रांगेत जाऊन बसतं. म्हणून ‘तापमान हा कोणता चल?’ असा नुसता प्रश्न परीक्षेत विचारणं मला पटत नाही. कोणत्या प्रयोगात, हे कळल्याशिवाय त्याला उत्तरच नाही.

पहिले दोन चल ओळखणं सोपं असतं, कारण ते प्रश्नातच लिहिलेले असतात. ‘कशाचा कशावर परिणाम?’ यातला पहिला ‘कशाचा’ म्हणजे स्वतंत्र, दुसरा ‘कशावर’ म्हणजे अवलंबी. तिसऱ्या गटाची नावं प्रश्नात कुठेच नसतात. ती शोधावी लागतात, आणि प्रयोग शिकताना सर्वांत जास्त वेळ तिथेच द्यायला हवा असं माझं ठाम मत आहे.

लंबकाचंच घ्या. लांबी आणि वजनाखेरीज काय काय बदलू शकतं? नट किती बाजूला ओढून सोडला ते. सोडताना हाताचा धक्का बसला का ते. दोरा जिथे अडकवला तो बिंदू हलतो का, दोरा ताणला जातो का, खोलीत वारा आहे का. दोऱ्याचा रंगही बदलू शकतो. यातलं प्रत्येक सांभाळत बसलो तर प्रयोग सुरूच होणार नाही, त्यामुळे निवड करावी लागते, आणि ती निवड अंदाजाने करून चालत नाही. रंगाचा झोक्याशी काही संबंध असेल असं मानायला कारण नाही, तो सोडून दिला तरी चालेल. पण नट किती बाजूला ओढला याचं काय? ‘लंबकाचा वेळ झोक्याच्या रुंदीवर अवलंबून नसतो’ असं आपण पुस्तकात वाचलेलं असतं. ते लहान झोक्यांपुरतं जवळजवळ खरं आहे. नट १० अंशांपर्यंत ओढून सोडला तर पडणारा फरक हजारात दोन इतकाच असतो. ६० अंशांवरून सोडला तर मात्र प्रत्येक झोक्याला साधारण ७ टक्के जास्त वेळ लागतो. म्हणजे एकदा अलगद आणि एकदा जोरात झुलवलं, तर दहा सेकंदांत पाऊण सेकंदाचा घोळ होऊ शकतो, आणि तो वजनाच्या नाहीतर लांबीच्या नावावर खपून जातो. म्हणून मागे कागदावर खूण करून ठेवायची, नट दरवेळी त्या खुणेपर्यंतच ओढायचा आणि ढकलायचा नाही, नुसता सोडायचा.

जो चल यादीतच नव्हता

काय सांभाळायचं हे शेवटी आपल्याला काय माहीत आहे यावर ठरतं. याचं सर्वांत बोलकं उदाहरण सतराव्या शतकातलं आहे. यान बाप्टिस्ट व्हॅन हेल्माँट या संशोधकाला जाणून घ्यायचं होतं की झाडाचं वजन वाढतं ते कशातून. त्याने २०० पौंड वाळवलेली माती मोठ्या कुंडीत भरली आणि त्यात ५ पौंड वजनाचं विलोचं रोप लावलं. पाच वर्षं त्याला फक्त पावसाचं किंवा शुद्ध केलेलं पाणी घातलं. बाहेरची धूळ पडून मातीचं वजन वाढू नये म्हणून कुंडीवर भोकं असलेला पत्रा झाकला. पाच वर्षांनी झाड भरलं १६९ पौंड आणि वर सुमारे तीन औंस. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती जेमतेम दोन औंसांनी कमी झाली होती.

किती काळजी घेतली आहे बघा! माती आधी वाळवली, नंतरही वाळवली, कारण ओलाव्याने वजन फसवं झालं असतं. धुळीचाही विचार केला. चार शरद ऋतूंत गळलेल्या पानांचं वजन धरलेलं नाही, हेही त्याने नोंदवून ठेवलं. हे आकडे त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली छापले गेले, आणि आजही ते वाचताना माणसाबद्दल आदर वाटतो. झाड मातीतून बनत नाही, हे त्याचं म्हणणं बरोबर होतं. पण म्हणून ते सगळं पाण्यातूनच बनतं, हा पुढचा निष्कर्ष चुकला. झाड हवेतून कार्बन डायऑक्साइड घेतं, आणि लाकडातला कार्बन तिथून येतो. हवा पाचही वर्षं झाडाभोवती होती, पण ती बदलली गेली नाही, मोजली गेली नाही, ‘ही सांभाळायला हवी’ असंही वाटलं नाही. विशेष म्हणजे वायूंचा अभ्यास करणाऱ्या पहिल्या काही लोकांत स्वतः व्हॅन हेल्माँटचं नाव घ्यावं लागतं. आणि ते कमी झालेले दोन औंस? त्यांना त्याच्या निष्कर्षात जागा मिळाली नाही. आज आपल्याला माहीत आहे की झाड मातीतून खनिजं घेतं. थोडीच घेतं, पण घेतं.

या गोष्टीतून एक सवय उचलण्यासारखी आहे. प्रयोग सुरू करण्याआधी कागदावर लिहायचं: काय बदलणार, काय मोजणार, काय सांभाळणार, आणि कशाकडे दुर्लक्ष करणार व का. हा चौथा रकाना बहुतेकांच्या वहीत नसतो. निकाल विचित्र आला की शोध घ्यायला सगळ्यात उपयोगी पडतो तो हाच.

काहीच न बदलता पुन्हा मोजा

आता आकड्यांकडे वळू. समजा, एका नटाच्या लंबकाचे दहा झोके पाच वेळा मोजले आणि सेकंदांत हे आकडे आले: १०.१, ९.९, १०.०, १०.२, ९.९. आपण काहीही बदललेलं नाही. लांबी तीच, वजन तेच, मोजणारा माणूसही तोच, तरी आकडे हलले. पुष्कळ जण इथे घाबरतात आणि ‘बरोबर’ आकडा कोणता ते शोधू लागतात. काही जण तर वेगवेगळे आकडे वहीत दिसायला नकोत म्हणून सगळीकडे १०.० लिहून मोकळे होतात. माझ्या लेखी प्रयोगातली ही सर्वांत मोठी चोरी आहे, कारण त्यातून सगळ्यात मोलाची माहिती फेकली जाते.

ती माहिती म्हणजे पसारा. वरच्या पाच नोंदी ९.९ ते १०.२ या ०.३ सेकंदांच्या पट्ट्यात पसरल्या आहेत. स्टॉपवॉच सेकंदाचा शंभरावा भाग दाखवत असलं, तरी बटण दाबणारं बोट तितकं नेमकं नसतं. डोळ्याने पाहिलं, मेंदूने ठरवलं, बोटाने दाबलं, यात दरवेळी थोडं मागेपुढे होतंच. म्हणजे या मोजणीत एकोणीस-वीसचा फरक आपोआप पडणार आहे, आणि तो किती पडतो हे आता आपल्याला कळलं.

आता जुडग्यात बांधलेल्या तीन नटांच्या नोंदी घेऊ. समजा त्या अशा आल्या: १०.१, १०.०, १०.२, ९.९, १०.१. पहिल्या गटाची सरासरी १०.०२ आणि या गटाची १०.०६. दुसरी मोठी आहे, मग वजनाने वेळ वाढला म्हणायचं का? नाही. दोन सरासऱ्यांतला फरक आहे ०.०४ सेकंदांचा, आणि काहीच न बदलता आकडे हलत होते ०.३ सेकंदांनी. इतक्या मोठ्या हलण्यात हा फरक कुठल्या कुठे बुडून जातो. उलट, एकाखाली एक नट लावून १०.३, १०.५, १०.४, १०.४, १०.६ असे आकडे आले, तर त्यातला सर्वांत लहान आकडाही पहिल्या गटातल्या सर्वांत मोठ्या आकड्यापेक्षा मोठा आहे. इथे खरोखर काहीतरी बदललं आहे. काय बदललं ते वेगळं शोधायचं, पण बदललं आहे हे नक्की.

नोंदींबद्दल मला एकच गोष्ट सांगायची मुभा असती, तर मी हीच सांगितली असती. एखादा फरक मोठा की लहान हे त्या फरकाकडे एकट्याने बघून ठरत नाही. काहीही न बदलता आकडे किती हलतात, त्याच्या शेजारी तो ठेवून बघावा लागतो.

याच तराजूने बघितलं तर अगदी बारीक फरकही कधी कधी प्रचंड मोठा ठरतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लॉर्ड रॅली नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतला ऑक्सिजन काढून उरलेला नायट्रोजन एका ठरावीक काचगोलात भरून तोलला की तो सुमारे २.३१० ग्रॅम भरायचा. अमोनियासारख्या संयुगांपासून मिळवलेला नायट्रोजन त्याच गोलात, त्याच तापमानाला आणि दाबाला सुमारे २.२९९ ग्रॅम भरायचा. फरक अर्धा टक्का. कुणीही ‘होतं थोडं इकडेतिकडे’ म्हणून सोडून दिला असता. पण एकाच प्रकारचा नायट्रोजन पुन्हा पुन्हा तोलल्यावर रॅलींचे आकडे यापेक्षा कितीतरी कमी हलत होते. त्या बारीक पसाऱ्यापुढे ०.०११ ग्रॅम ही दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नव्हती. त्यांनी १८९२ मध्ये हे कोडं जाहीरपणे मांडलं. हलक्या वायूत हायड्रोजन मिसळला असेल का, अशा शंकाही तपासून झाल्या. शेवटी १८९४ मध्ये त्यांनी आणि विल्यम रॅमझी यांनी जाहीर केलं की हवेत आणखी एक, तोवर कुणाला माहीत नसलेला वायू आहे. तो आर्गॉन. आपण घेतो त्या प्रत्येक श्वासात जवळपास एक टक्का आर्गॉन असतो. १९०४ साली रॅलींना भौतिकशास्त्राचं आणि रॅमझींना रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

पसारा कमी करायच्या युक्त्याही असतात, आणि त्यातली एक आपण नकळत वापरली आहे. एकच झोका मोजला असता तर एका सेकंदात दोन-तीन दशांश सेकंदांची चूक झाली असती. दहा झोके मोजले तरी बोटाची चूक तेवढीच राहते, कारण बटण दोनदाच दाबायचं असतं, पण ती दहा झोक्यांत वाटली जाते. वीस मोजले तर आणखी पातळ होते. नवं महागडं उपकरण न आणता मोजणी दहापट सुधारली!

सरासरी काढताना एक जपा. तीन नोंदींची सरासरी कॅल्क्युलेटरवर १०.०३३३३३ अशी आली, तर ती तशीच उतरवू नका. ज्या मोजणीत पहिला दशांशच डळमळीत आहे, तिथे सहाव्या दशांशाला काहीही अर्थ नाही. १०.० लिहा, फार तर १०.०३.

सरासरीने न धुतल्या जाणाऱ्या चुका

बोट कधी लवकर दाबलं जातं, कधी उशिरा. अशा चुका दोन्ही बाजूंना होतात, म्हणून पुष्कळ नोंदींच्या सरासरीत त्या एकमेकींना खातात. पण काही चुका एकाच बाजूला ओढतात, आणि त्यांना सरासरी काहीही करू शकत नाही.

झोके मोजण्याचंच उदाहरण घ्या. नट सोडला, बटण दाबलं आणि तोंडाने ‘एक’ म्हटलं. परत आला, ‘दोन’. असं ‘दहा’ म्हणून बटण दाबलं तर झोके झाले नऊ! सोडताना ‘शून्य’ म्हणायचं असतं. ही चूक करणाऱ्याला दरवेळी ९ सेकंदांच्या आसपासचे आकडे मिळतील, पसाराही छान कमी असेल, सगळं व्यवस्थित दिसेल. आकडे एकमेकांशी जुळणं आणि आकडे बरोबर असणं, यात हाच फरक आहे.

एखाद्याच वेळी असं झालं तर ते लगेच उठून दिसतं: १०.१, ९.९, ९.०, १०.०. हा ९.० काढून टाकायचा का? ‘बाकीच्यांशी जुळत नाही’ हे काढून टाकण्याचं कारण होऊ शकत नाही. पण तो बाकीच्यांपेक्षा जवळजवळ नेमका एका झोक्याइतकाच कमी आहे, त्यामुळे मोजताना गफलत झाल्याचा दाट संशय घ्यायला जागा आहे. मग काय करावं? खोडरबर वापरू नये. आकड्यावर एक रेघ मारावी, तो वाचता येईल असा ठेवावा, शेजारी कारण लिहावं आणि तीच मोजणी पुन्हा करावी. कारण सापडत नसेल तर आकडा तसाच राहू द्यावा. रॅलींनीही न जुळणारा आकडा सोडून दिला नाही, म्हणूनच आर्गॉन सापडला.

आलेख काढल्यावर काय दिसतं

आता लांबी स्वतंत्र चल करू. २५, ५०, ७५ आणि १०० सेंटिमीटर लांबीला एका झोक्याचा वेळ साधारण १.००, १.४२, १.७४ आणि २.०१ सेकंद येतो. आलेखात स्वतंत्र चल आडव्या अक्षावर आणि अवलंबी चल उभ्या अक्षावर मांडायचा, हा संकेत. बिंदू मांडले की दिसतं की वेळ वाढत जातो, पण दमत दमत. पहिल्या २५ सेंटिमीटरच्या वाढीने ०.४२ सेकंद वाढले, दुसऱ्या वाढीने ०.३२, तिसऱ्या वाढीने ०.२७. म्हणजे बिंदू सरळ रेषेत नाहीत, वक्रावर आहेत.

इथे दोनच लांब्या घेतल्या असत्या तर? दोन बिंदूंतून सरळ रेषा नेहमीच जाते, आणि वक्राचा पत्ताही लागला नसता. आणि २०, २१, २२ सेंटिमीटर अशा खेटून लांब्या घेतल्या असत्या, तर शेजारशेजारच्या वेळांतला फरक पसाऱ्यात हरवला असता. स्वतंत्र चलाची मूल्यं किमान पाच-सहा असावीत आणि ती जमेल तेवढी दूरवर पसरलेली असावीत, ती यासाठी. (वर मी चारच दिली आहेत, ती वाचायला सोपं जावं म्हणून.)

आकडे नीट पाहिले तर एक गंमत दिसते. लांबी चौपट झाली, २५ ची १००, तेव्हा वेळ बरोबर दुप्पट झाला. वेळेचा वर्ग करून बघा: साधारण १, २, ३ आणि ४. लांबी ज्या प्रमाणात वाढते, त्याच प्रमाणात वेळेचा वर्ग वाढतो. मग उभ्या अक्षावर वेळेऐवजी वेळेचा वर्ग मांडला की तोच वक्र सरळ रेषा होऊन समोर येतो. या रेषेवरून गुरुत्वत्वरणही काढता येतं: π (पाय) या संख्येच्या वर्गाची चौपट, म्हणजे सुमारे ३९.५, याला एक मीटर लांबीसाठीच्या वेळेच्या वर्गाने, म्हणजे ४.०४ ने भागलं की येतं सुमारे ९.८. दोरा, नट आणि घड्याळ एवढ्यावर पृथ्वीच्या ओढीचं माप निघतं, हे मला आजही विलक्षण वाटतं.

आलेख चुकांची जातही ओळखतो, पण सगळ्या चुकांची नाही. लांबी नटाच्या मध्यापर्यंत न मोजता वरच्या कडेपर्यंत मोजली, तर प्रत्येक लांबी सारखीच कमी भरते. रेषा सरळच राहते, पण शून्यातून न जाता थोडी वर सरकते. ते सरकणं दिसलं की लांबी मोजण्यात गडबड आहे हे कळतं. याउलट दरवेळी नऊच झोके मोजले असतील, तर रेषा सरळही राहते आणि शून्यातूनही जाते. आलेख अगदी देखणा येतो. फक्त गुरुत्वत्वरण ९.८ ऐवजी १२.१ निघतं, आणि बाहेरच्या माहितीशी ताडून पाहिल्यावरच चूक उघडी पडते.

जिथे स्वतंत्र चल आकड्यात नसतो, उदाहरणार्थ कापूस, लोकर आणि कागद यांपैकी कोणतं वेष्टन पाणी जास्त वेळ गरम ठेवतं, तिथे बिंदू जोडून रेषा काढू नका. कापूस आणि लोकर यांच्या मधोमध काही नसतं. तिथे स्तंभालेख काढा.

नेमकं काय मोजतो आहोत?

‘गरम पाण्यात मीठ जास्त विरघळतं का?’ हा प्रश्न सरळ दिसतो, पण ‘जास्त’ म्हणजे लवकर की अधिक प्रमाणात? हे दोन वेगळे अवलंबी चल आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी आहेत. गरम पाण्यात मीठ लवकर विरघळतं. पण १०० ग्रॅम पाण्यात मावणारं मीठ शून्य अंशाला सुमारे ३६ ग्रॅम असतं आणि शंभर अंशांना सुमारे ३९, म्हणजे फारसं वाढत नाही. साखरेचं तसं नाही. ती २० अंशांना सुमारे २०० ग्रॅम मावते आणि उकळत्या पाण्यात त्याच्या दुपटीहून जास्त.

शिवाय ‘विरघळलं’ कधी म्हणायचं? तळाशी एकही कण दिसेनासा झाला की, असं ठरवलं तर ते आधीच लिहून ठेवा आणि प्रत्येक वेळी तेच लावा. आणखी एक अडचण: ढवळता ढवळता गरम पाणी निवत जातं. म्हणजे ज्याला आपण ‘६० अंश’ म्हणतो तो स्वतंत्र चलच जागेवर राहत नाही. सुरुवातीचं आणि शेवटचं, दोन्ही तापमानं लिहा.

जिवंत गोष्टींवरचे प्रयोग

नट एकसारखे असतात, बिया नसतात. एकाच पिशवीतल्या दोन बिया एकाच दिवशी, एकाच ओल्या कागदावर ठेवल्या तरी एक आधी रुजते, एक मागाहून आणि एखादी रुजतच नाही. म्हणून ‘एक बी उजेडात, एक बी अंधारात’ या प्रयोगातून काहीच कळत नाही. अंधारातली रुजली नाही, तर दोष अंधाराचा की त्या बीचा? दोन्हीकडे पुष्कळ बिया घ्यायला हव्यात. त्या वाटताना चांगल्या टपोऱ्या एकीकडे आणि बारक्या दुसरीकडे जाणार नाहीत हेही बघावं लागतं, आणि ते डोळ्याने निवडून साधत नाही. न बघता, चिठ्ठ्या टाकून वाटणी करणं सर्वांत चांगलं. जे चल आपल्याला माहीत नाहीत, तेही अशा वाटणीत दोन्हीकडे सारखे विखुरले जाण्याची शक्यता असते. यादीत नसलेल्या चलांवर याहून सोपा उपाय नाही.

आता अंधार करायचा कसा? बशीवर खोकं ठेवून. पण खोक्याखाली ओलावा टिकतो, आणि उघडी बशी खिडकीत असेल तर ती उन्हाने तापते आणि वाळते. उजेडाचा प्रयोग पाहता पाहता पाण्याचा आणि उष्णतेचा प्रयोग होऊन बसतो. यावर उपाय आहे. दोन्ही बशांवर सारखीच झाकणं ठेवायची, एक अपारदर्शक आणि एक पारदर्शक. दोन्ही उन्हापासून दूर, शेजारी शेजारी. दोन्हीत पाणी मोजून घालायचं.

बी ‘रुजली’ हे मोजताना मनही मध्ये येतं. अंधारात कमी रुजतील असं वाटत असेल, तर तिथला जेमतेम डोकावणारा कोंब ‘अजून नाही’ म्हणून सोडला जातो आणि उजेडातला मोजला जातो. कोंब दोन मिलिमीटर बाहेर आला की रुजली, असं आधी ठरवावं. मोजणाऱ्याला कोणती बशी कोणती हे सांगूच नये.

आणि समजा, दहा बियांपैकी उजेडात दहा रुजल्या, अंधारात आठ. उजेडाने फरक पडला का? सांगता येत नाही. ज्या बियांतल्या दहापैकी नऊ एरवीही रुजतात, त्यांच्या दोन सारख्याच बशा सारख्याच जागी ठेवल्या, तरी दोनाचा फरक सहज दिसू शकतो. शंका असेल तर दोन्ही बशा उजेडातच ठेवून बघा. हेच प्रमाण शंभर-शंभर बियांत आलं, म्हणजे उजेडात शंभर आणि अंधारात ऐंशी, तर मात्र तो फरक नशिबाने आला असं म्हणणं फार कठीण आहे. मग निष्कर्ष लिहा, पण तेवढ्यापुरताच: या जातीच्या बिया, इतक्या दिवसांत, इतक्या तापमानाला, अंधारात कमी रुजल्या. दुसऱ्या जातीच्या बियांसाठी प्रयोग पुन्हा करावा लागेल.